घरगुती संगणकावरील आपोआप बदलणारे वॉलपेपर : एक लहान इतिहास (१९८१–२०१८)

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला पुढील गोष्टी सांगता येतील :
• संगणकाच्या पडद्यावरची पार्श्वभूमी राखाडी नक्षीपासून छायाचित्रापर्यंत कशी आली;
• चित्र ठरावीक वेळाने आपोआप बदलण्याची सोय केव्हा, कोणत्या यंत्रणांत आणि कोणत्या तांत्रिक मर्यादांमधून तयार झाली;
• चित्र निवडण्याचा अधिकार वापरकर्त्याकडून कंपनीकडे टप्प्याटप्प्याने कसा सरकला;
• अशा ‘किरकोळ’ विषयाचा इतिहास लिहिताना कोणती साधने वापरता येतात.

१. प्रस्तावना

संगणकाच्या इतिहासाची पुस्तके सहसा यंत्रे, प्रोसेसर, भाषा आणि कंपन्या यांच्याभोवती फिरतात. घरात संगणक वापरणाऱ्या माणसाने मात्र यंत्रावरचा पहिला ताबा बहुधा प्रोग्राम लिहून मिळवला नाही. त्याने पडद्यामागचे चित्र बदलले. ‘हा संगणक माझा आहे’ हे सांगण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग होता. पुढे एकच चित्र रोज पाहणे कंटाळवाणे वाटू लागले आणि ठरावीक वेळाने चित्र आपोआप बदलण्याची सोय आली.

ही सोय वरवर करमणुकीची वाटते. पण चित्र आपोआप बदलायचे असेल तर तीन गोष्टी ठरवाव्या लागतात : चित्रे कोणत्या साठ्यातून घ्यायची, ती किती वेळाने बदलायची आणि बदलण्याचा आदेश कोणी द्यायचा. साठा, घड्याळ आणि आदेश या तिन्ही गोष्टी सुरुवातीला वापरकर्त्याच्या हातात होत्या. तीस-पस्तीस वर्षांत त्या एकेक करून दुसऱ्याच्या हातात गेल्या. हे स्थलांतर कसे झाले, हा या घटकाचा मुख्य विषय आहे.

२. राखाडी पडदा आणि आठ बाइटची नक्षी (१९८१–१९८९)

पडद्याला ‘डेस्कटॉप’ म्हणजे टेबलाचा पृष्ठभाग मानण्याची कल्पना झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील पालो अल्टो संशोधन केंद्रात आकाराला आली. १९८१ मध्ये झेरॉक्सने ‘स्टार’ हा संगणक बाजारात आणला. त्याच्या पडद्यावर कागद, फोल्डर आणि टपालपेट्या यांची लहान चित्रे होती आणि त्यांच्यामागे राखाडी पृष्ठभाग होता. टेबलाचा पृष्ठभाग लक्ष वेधून घेत नाही, तसेच या राखाडी रंगाचे काम होते. कार्यालयासाठी बनवलेल्या या महागड्या यंत्रात सजावटीचा विचार फारसा नव्हता.

१९८४ मध्ये ॲपलचा मॅकिंटॉश आला. त्याचा पडदा ५१२ × ३४२ ठिपक्यांचा होता आणि प्रत्येक ठिपका एकतर काळा किंवा पांढरा. मॅकिंटॉशच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ८ × ८ ठिपक्यांचा एक चौकोन दिलेला असे. वापरकर्ता माऊसने त्यातला एकेक ठिपका काळा-पांढरा करी आणि तीच नक्षी फरशीसारखी सगळ्या पडद्यावर पसरे.

इतक्या लहान चौकोनावर भागवण्याचे कारण आकड्यांत दिसते. ८ × ८ म्हणजे ६४ ठिपके. प्रत्येकी एक बिट धरल्यास ही नक्षी फक्त ८ बाइटमध्ये मावते. पूर्ण पडद्याच्या चित्राला २१,८८८ बाइट लागतात. पहिल्या मॅकिंटॉशची एकूण स्मृती १२८ किलोबाइट होती. चालू पडद्यासाठी तिचा सहावा भाग आधीच खर्ची पडत असे. मागच्या चित्रासाठी आणखी एक सहावा भाग देणे परवडणारे नव्हते. म्हणून पार्श्वभूमीचा पहिला काळ नक्ष्यांचा होता. नक्षी लहान होती, पण ती वापरकर्ता स्वतः ठिपका-ठिपका करून घडवू शकत होता, हे लक्षात ठेवावे.

याच सुमारास एमआयटीमध्ये युनिक्स यंत्रांसाठी ‘एक्स विंडो सिस्टिम’ तयार होत होती. तिची सुरुवात १९८४ ची. एक्समध्ये सर्व खिडक्यांच्या मागे एक ‘रूट विंडो’ असते. तिचा रंग किंवा नक्षी बदलण्यासाठी ‘एक्ससेटरूट’ नावाचा छोटा प्रोग्राम होता, आणि १९८९ पर्यंत रंगीत चित्रे रूट विंडोवर लावणारे ‘एक्सलोडइमेज’सारखे मुक्त प्रोग्राम उपलब्ध झाले होते. ही यंत्रे मात्र विद्यापीठांत आणि प्रयोगशाळांत होती. घरापर्यंत पोहोचायला अजून वेळ होता.

३. ‘वॉलपेपर’ घरात येतो (१९९०–१९९७)

मायक्रोसॉफ्टने मे १९९० मध्ये विंडोज ३.० बाजारात आणले. पडद्यामागच्या चित्राला त्यात ‘वॉलपेपर’ असे नाव होते. आधीची कल्पना टेबलाची होती. आता शब्द भिंतीचा आला. टेबलावर कागद चिकटवत नाहीत, पण दोन्ही उपमा एकाच पडद्यावर सुखाने नांदल्या. १९९२ च्या विंडोज ३.१ मधील चित्रांची नावे पाहिली तर भिंतीची कल्पना किती शब्दशः घेतली होती ते कळते : लाल विटा, संगमरवर, गवताचे छप्पर, किल्ल्याचे दगड. ही चित्रेसुद्धा लहान चौकोनांची आणि फरशीसारखी पसरणारी होती.

पूर्ण पडद्याचे छायाचित्र लावणे शक्य होते, पण महाग पडे. ६४० × ४८० ठिपके आणि २५६ रंग धरले तर एका चित्राला सुमारे ३०० किलोबाइट लागतात. विंडोजला वॉलपेपर म्हणून ‘बीएमपी’ ही न आवळलेली फाइलच चालत असे. अशी तीस चित्रे ठेवायची म्हटले तर सुमारे ९ मेगाबाइट जागा हवी. त्या काळातल्या ४० मेगाबाइटच्या हार्ड डिस्कचा तो जवळजवळ चौथा हिस्सा झाला. म्हणजे चित्र बदलत ठेवण्याची इच्छा असली तरी बदलण्याइतकी चित्रे ठेवायला जागा नव्हती.

ही अडचण दोन बाजूंनी सुटली. चित्र आवळून लहान करणाऱ्या पद्धती प्रमाणित झाल्या : १९८७ मध्ये ‘जीआयएफ’ आणि १९९२ मध्ये ‘जेपीईजी’. त्याच वेळी डिस्क आणि स्मृती स्वस्त होत गेल्या. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आले आणि त्याच्यासोबत ‘प्लस!’ या नावाने वेगळे विकले जाणारे सजावटीचे पॅकेजही आले. चित्र, आवाज, माऊसचा बाण असे सर्व एका विषयाला धरून बदलणाऱ्या ‘थीम’ त्यात होत्या. पडद्याची सजावट ही पैसे देऊन विकत घ्यायची वस्तू झाली, हा या टप्प्यातला महत्त्वाचा बदल. ॲपलने पूर्ण चित्राची सोय मूळ व्यवस्थेत १९९७ च्या मॅक ओएस ८ मध्ये दिली.

४. आपोआप बदल : स्क्रीनसेव्हर, एक्सव्ही आणि छोटे प्रोग्राम

पडद्यावरचे चित्र वापरकर्त्याने हात न लावता बदलावे, ही कल्पना वॉलपेपरच्या आधी स्क्रीनसेव्हरमध्ये आली. जुन्या काचेच्या नळीच्या पडद्यावर एकच आकृती तासन्‌तास राहिली तर आतल्या फॉस्फरच्या थरावर तिचा कायमचा डाग पडे. तो टाळण्यासाठी पडदा काळा करणारा एक छोटा प्रोग्राम जॉन सोचा यांनी १९८३ मध्ये अमेरिकेतील ‘सॉफ्टटॉक’ मासिकात प्रसिद्ध केला. पुढे १९८९ मध्ये बर्कली सिस्टिम्सच्या ‘आफ्टर डार्क’ने रिकाम्या पडद्यावर उडणारे टोस्टर आणले आणि बचावाचे साधन करमणुकीचे झाले. कारण तांत्रिक होते, सवय मात्र डोळ्यांना लागली : पडद्यावर काहीतरी बदलत राहायला हवे.

वॉलपेपरच्या बाबतीत ही सवय पहिल्यांदा युनिक्स वापरणाऱ्यांनी पुरी केली. युनिक्समध्ये ‘क्रॉन’ नावाची सेवा जुनी आहे. ठरावीक वेळ झाली की ती सांगितलेला आदेश चालवते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जॉन ब्रॅडली यांनी लिहिलेल्या ‘एक्सव्ही’ या चित्रदर्शक प्रोग्रामला रूट विंडोवर चित्र लावता येई आणि दिलेल्या यादीतून कोणतेही एक यादृच्छिक पद्धतीने उचलताही येई. ही दोन साधने एकत्र केली की दर तासाला नवे वॉलपेपर मिळे. यासाठी वेगळे उत्पादन विकत घ्यावे लागत नव्हते. एक-दोन ओळींचा आदेश पुरे होता. साठा वापरकर्त्याचा, घड्याळ त्याचे आणि आदेशही त्याचाच.

याच परंपरेतला ‘एक्सअर्थ’ हा प्रोग्राम विशेष उल्लेखनीय आहे. तो रूट विंडोवर अवकाशातून दिसणारी पृथ्वी रेखाटे. सूर्याची त्या क्षणीची स्थिती गणिताने काढून दिवसाचा भाग उजळ आणि रात्रीचा भाग काळोखा दाखवी, आणि दर काही मिनिटांनी चित्र नव्याने काढी. येथे चित्रांचा साठा नव्हताच. प्रत्येक चित्र गणनेतून जन्माला येई. बदल हा निव्वळ विरंगुळा न राहता माहिती देऊ शकतो, हे त्याने दाखवले.

विंडोजवर मूळ व्यवस्थेत अशी सोय नव्हती. सध्याच्या वॉलपेपरचे नाव ‘विन डॉट आयएनआय’ या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये एका ओळीत लिहिलेले असे. पुढे ते रजिस्ट्रीत गेले. विंडोज ३.१ पासून ‘सिस्टिमपॅरामीटर्सइन्फो’ या फंक्शनद्वारे कोणताही प्रोग्राम व्यवस्थेला ‘हे चित्र लाव’ असे सांगू शकत होता. या एका दारामुळे विंडोजवर ‘वॉलपेपर चेंजर’ नावाच्या छोट्या प्रोग्रामांची मोठी जमात तयार झाली. ते शेअरवेअर म्हणून फिरत. व्यवस्थेला बीएमपीच लागत असल्यामुळे हे प्रोग्राम फोल्डरमधले जेपीईजी उचलून त्याची तात्पुरती बीएमपी बनवत आणि मग आदेश देत.

येथे एक लहान पण बोधप्रद मुद्दा आहे. तीस चित्रांतून दर वेळी यादृच्छिक निवड केली तर तेच चित्र लगेच पुन्हा येण्याची शक्यता तीसात एक असते, आणि काही चित्रे बराच काळ दिसतच नाहीत. वापरणाऱ्याला हे ‘बिघडल्यासारखे’ वाटते. म्हणून चांगले प्रोग्राम पत्ते पिसतात तशी पूर्ण यादी पिसून घेत आणि ती संपेपर्यंत एकही चित्र परत आणत नसत. माणसाला हवी असते ती विविधता. गणितातली यादृच्छिकता वेगळी गोष्ट आहे.

५. रोजचे चित्र बाहेरून येते (१९९५–२००४)

फोल्डरमधली चित्रे संपतात. इंटरनेटमुळे साठा घराबाहेर नेता आला. अमेरिकेच्या अवकाश संस्थेचे, म्हणजे नासाचे, ‘आजचे खगोलचित्र’ हे पान १६ जून १९९५ रोजी सुरू झाले. रोज एक चित्र आणि त्याखाली तज्ज्ञाने लिहिलेले स्पष्टीकरण, अशी त्याची रचना आजही आहे. ते वॉलपेपरसाठी सुरू झालेले नव्हते. पण रोजचे चित्र उतरवून पडद्यावर लावणारे छोटे प्रोग्राम लोकांनी स्वतः लिहिले.

दुसरा मार्ग व्यापारी होता. ‘वेबशॉट्स’ हा अमेरिकी उपक्रम १९९० च्या दशकाच्या मध्यात सुरू झाला. त्याचा प्रोग्राम संगणकावर घातला की निसर्ग, शहरे, प्राणी यांची छायाचित्रे वॉलपेपर आणि स्क्रीनसेव्हर म्हणून बदलत राहत. काही चित्रे फुकट, जास्त हवी असल्यास वर्गणी. १९९९ मध्ये ‘एक्साइट ॲट होम’ या कंपनीने वेबशॉट्स विकत घेतले, ती कंपनी दिवाळखोरीत गेल्यावर ते मूळ संस्थापकांकडे परतले आणि २००४ मध्ये ‘सीनेट’ने ते पुन्हा विकत घेतले. पडद्यामागच्या चित्रासाठी रोज घरात येणारी वाट ही मोलाची मालमत्ता आहे, हे बाजाराने ओळखले होते. तिचा गैरवापरही झाला. २००० नंतरच्या काही वर्षांत ‘फुकट वॉलपेपर’ देणारे अनेक प्रोग्राम सोबत जाहिराती दाखवणारे किंवा हेरगिरी करणारे प्रोग्राम गुपचूप आणत.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. डायल-अपचा वेग पाहता रोजचे चित्र ही चैन होती. सेकंदाला २८,८०० बिट या वेगाने २०० किलोबाइटचे एक चित्र उतरायला आदर्श परिस्थितीतही जवळजवळ एक मिनिट लागते. तीस चित्रांना अर्धा तास, आणि तेवढा वेळ घरचा फोन अडकलेला. त्यामुळे येथे सायबर कॅफेतून फ्लॉपीवर आणलेली आणि संगणकाच्या मासिकांसोबत येणाऱ्या सीडीवरची चित्रे हा साठ्याचा महत्त्वाचा मार्ग राहिला.

६. एका स्थिर चित्राचे साम्राज्य (२००१)

ऑक्टोबर २००१ मध्ये विंडोज एक्सपी आले. त्याचे मूळ वॉलपेपर, हिरवी टेकडी आणि निळे आकाश, ‘ब्लिस’ या नावाने ओळखले जाते. चार्ल्स ओरियर यांनी ते छायाचित्र जानेवारी १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सोनोमा परगण्यात फिल्मच्या कॅमेऱ्याने टिपले होते. त्या टेकडीवर आधी द्राक्षमळा होता. किडीमुळे वेली काढल्या गेल्या आणि त्या काळात तेथे गवत वाढले होते.

आपल्या विषयाच्या दृष्टीने एक्सपीबद्दलची लक्षणीय बाब अशी : त्यात स्वतःच्या फोल्डरमधली चित्रे आलटून पालटून दाखवणारा स्क्रीनसेव्हर होता, पण वॉलपेपर तसे बदलण्याची सोय मूळ व्यवस्थेत नव्हती. ज्यांनी काही बदलले नाही त्यांच्या पडद्यावर वर्षानुवर्षे तीच टेकडी राहिली. बँका, शाळा, सरकारी कार्यालये आणि घरे, सगळीकडे एकच चित्र. न बदलणे हीदेखील निवड असते, आणि ती निवड कंपनीने आधीच करून ठेवलेली असते. ‘मूळ स्थिती’चे हे बळ पुढच्या घटना समजण्यासाठी आवश्यक आहे.

७. सोय व्यवस्थेच्या आत येते (२००१–२००९)

मॅक ओएस टेनच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत फोल्डर निवडून ठरावीक वेळाने चित्र बदलण्याची सोय आली. लिनक्सवरच्या ‘केडीई’ या पर्यावरणातही ती विंडोजच्या बरीच आधी होती. नोव्हेंबर २००७ मधील फेडोरा ८ चे मूळ वॉलपेपर दिवसाच्या प्रहरानुसार आपला रंग बदलत असे. एक्सअर्थचीच कल्पना येथे शांत सजावटीच्या रूपात परत आली.

ऑक्टोबर २००९ मधील विंडोज ७ ने ही सोय कोट्यवधी घरांत पोहोचवली. दहा सेकंदांपासून एक दिवसापर्यंतचा कालावधी निवडता येई, यादी पिसता येई, आणि लॅपटॉप बॅटरीवर असेल तर बदल थांबवता येई. छोट्या चेंजर प्रोग्रामांची पंधरा-सतरा वर्षांची परंपरा एका चौकटीत सामावली गेली. विंडोज ७ च्या थीमना फीडद्वारे इंटरनेटवरून नवी चित्रेही घेता येत. म्हणजे एकाच चौकटीत दोन दारे होती : एक आपल्या फोल्डरकडे, दुसरे बाहेरच्या साठ्याकडे.

या व्यवस्थेत प्रदेशवार चित्रसंचही होते. इंग्रजी आवृत्तीच्या फोल्डरमध्ये ऑस्ट्रेलिया, कॅनडा, ब्रिटन, अमेरिका आणि दक्षिण आफ्रिका अशा पाच देशांचे संच होते. भारतात इंग्रजी विंडोज मोठ्या प्रमाणावर वापरले जात असूनही भारताचा संच त्यात नव्हता.

८. बदलण्याचा अधिकार आणि त्याची किंमत

आतापर्यंत आपण ‘बदलता येणे’ कसे वाढत गेले ते पाहिले. त्याच काळात ‘बदलता न येणे’ हेही बाजारातले साधन झाले. याची तीन उदाहरणे.

पहिले, विंडोज एक्सपी स्टार्टर एडिशन. भारत, थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया आणि रशिया यांसारख्या बाजारांसाठी ही स्वस्त आवृत्ती काढण्यात आली. भारतासाठी ती हिंदीत होती. एका वेळी तीनच प्रोग्राम चालवण्याची तिच्यावर मर्यादा होती. तिच्यात स्थानिक चित्रांचे वॉलपेपर मात्र होते. स्थानिक ओळख आणि कमी क्षमता एकाच खोक्यात बांधून आली.

दुसरे, विंडोज ७ स्टार्टर. ही आवृत्ती लहान, स्वस्त नेटबुक संगणकांवर घालून दिली जाई. तिच्यात वॉलपेपर बदलण्याची सोयच काढून टाकलेली होती. आधीच्या पिढीत व्हिस्टाच्या सर्वांत महागड्या ‘अल्टिमेट’ आवृत्तीला पडद्यामागे चालता व्हिडिओ लावणारी ‘ड्रीमसीन’ ही सोय मिळाली होती. म्हणजे उतरंडीच्या वरच्या टोकाला हलते चित्र आणि खालच्या टोकाला एकच न बदलणारे चित्र. यामागे तांत्रिक कारण शोधू गेल्यास सापडत नाही. १९८४ च्या मॅकिंटॉशलाही पार्श्वभूमी बदलता येत होती. ही मर्यादा किमतीची उतरंड टिकवण्यासाठी होती.

तिसरे उदाहरण सर्वांत बोलके आहे. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपी प्रोफेशनलच्या अनधिकृत प्रतींविरुद्ध एक नवी पद्धत आणली. प्रत अस्सल नाही असे तपासणीत ठरले की वॉलपेपर जाऊन पडद्याची पार्श्वभूमी काळी होई. वापरकर्ता आपले चित्र परत लावू शकत होता. पण ६० मिनिटांनी पार्श्वभूमी पुन्हा काळी होत असे. ऑक्टोबर २००८ मध्ये चीनमध्ये याविरुद्ध मोठा गदारोळ झाला. काहींचे म्हणणे, अनधिकृत प्रत वापरणाऱ्याला तक्रारीचा हक्क नाही. इतरांचे म्हणणे, घरातल्या यंत्रात शिरून त्याचा पडदा बदलण्याचा हक्क कंपनीला नाही.

वाद कोणत्याही बाजूने सोडवला तरी इतिहासाच्या विद्यार्थ्याने यंत्रणेकडे पाहावे. ठरावीक वेळाने पार्श्वभूमी बदलणे, हीच ती जुनी कृती. फरक इतकाच की साठ्यात काळा रंग एवढेच एक ‘चित्र’ होते, घड्याळ दुसऱ्याचे होते आणि आदेशही दुसऱ्याचा.

९. सर्व्हरवरची निवड (२००९–२०१८)

जून २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टचे ‘बिंग’ हे शोधसाधन सुरू झाले. त्याच्या मुख्य पानावर रोज नवे मोठे छायाचित्र असे. २०१२ च्या ‘बिंग डेस्कटॉप’ या प्रोग्रामने तेच चित्र रोज वॉलपेपर म्हणून लावायला सुरुवात केली. जुलै २०१५ मधील विंडोज १० बरोबर ‘स्पॉटलाइट’ आले : संगणक उघडण्याआधीच्या लॉक स्क्रीनवर कंपनीच्या सर्व्हरवरून येणारी चित्रे. ‘हे आवडले का?’ असा प्रश्नही सोबत असे, आणि उत्तरानुसार पुढची निवड होई. २०१६ च्या सुरुवातीला काही वापरकर्त्यांना याच जागेवर ‘राइज ऑफ द टूम रेडर’ या खेळाची जाहिरात दिसली, तेव्हा ही जागा कोणाची हा प्रश्न उघडपणे विचारला गेला. सेटिंगमध्ये जाऊन ही सोय बंद करता येत होती; पण ब्लिसच्या उदाहरणात पाहिल्याप्रमाणे बरेच लोक मूळ स्थिती बदलत नाहीत.

भारतीय घरांना अशी देवाणघेवाण नवी नाही. १८९४ मध्ये सुरू झालेल्या रविवर्मा प्रेसच्या ओलिओग्राफमुळे छापील रंगीत चित्र सामान्य घराच्या भिंतीवर आले. पुढे दुकानदार गिऱ्हाइकांना फुकट कॅलेंडर देऊ लागले : वर देवदेवतेचे चित्र, खाली दुकानाचे नाव आणि पत्ता. चित्राच्या बदल्यात भिंतीवरची जागा, असा तो व्यवहार होता. साम्य स्पष्ट आहे, पण फरक अधिक महत्त्वाचा आहे. कॅलेंडर एकदा खिळ्याला लागले की दुकानदाराला ते बदलता येत नसे आणि कोणी कोणत्या चित्राकडे पाहिले हेही कळत नसे. सर्व्हरवरून येणाऱ्या चित्राच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी शक्य झाल्या.

सर्वच घडामोडी एका दिशेने गेल्या असे मात्र नाही. सप्टेंबर २०१८ मधील मॅकओएस मोहावीने ‘डायनॅमिक डेस्कटॉप’ आणले. मोहावी वाळवंटातील वाळूच्या टेकडीची सोळा चित्रे एकाच फाइलमध्ये होती आणि दिवसाच्या वेळेनुसार ती बदलत. येथे साठा संगणकावरच होता आणि घड्याळ सूर्याचे होते. लिनक्सवर फोल्डर, क्रॉन आणि एका ओळीचा आदेश ही जुनी पद्धत आजही चालते.

१०. या इतिहासाची साधने

वॉलपेपर टिकत नाही. नवे लावले की जुने पुसले जाते, आणि त्याची नोंद कोणी ठेवत नाही. तरीही अभ्यासकाला काही साधने उपलब्ध असतात. जुन्या व्यवस्थांच्या सीडी आणि फ्लॉपींवर मूळ चित्रे सापडतात. एम्युलेटरवर त्या व्यवस्था चालवून पर्यायांची चौकट प्रत्यक्ष पाहता येते. मार्गदर्शक पुस्तिकांतून कंपनीला ही सोय कशासाठी वाटत होती ते कळते. निकामी संगणकाच्या डिस्कवरच्या सेटिंगच्या फाइलीत शेवटचे चित्र कोणते होते याची एक ओळ उरलेली असते.

पण ही साधने प्रामुख्याने उत्पादकाची बाजू सांगतात. घरात चित्र कोण बदलत असे, देव की क्रिकेटपटू की कुटुंबाचा फोटो यावरून वाद होत असे का, मुलांना बदलण्याची परवानगी होती का, ही माहिती फक्त माणसांच्या आठवणीत आहे. भारतातल्या घरगुती संगणकाची पहिली पिढी वापरणारे लोक आज आपल्या आसपास आहेत. त्यांच्या मुलाखती घेणे हे या विषयातले तातडीचे काम आहे.

सारांश

पडद्यामागची पार्श्वभूमी १९८० च्या दशकात राखाडी रंग आणि लहान नक्ष्या अशी होती, कारण स्मृती अपुरी होती. १९९० नंतर चित्रे आली, आणि स्मृती, डिस्क व चित्रे आवळण्याच्या पद्धती सुधारल्यावर ती बदलत ठेवणे शक्य झाले. ही सोय प्रथम वापरकर्त्यांनी आणि छोट्या प्रोग्रामकारांनी घडवली. मोठ्या कंपन्यांनी ती नंतर आपल्या व्यवस्थेत घेतली. साठा, घड्याळ आणि आदेश या तीन गोष्टींपैकी साठा इंटरनेटमुळे बाहेर गेला आणि घड्याळ व आदेश त्याच्यामागून गेले. २००८ चा काळा पडदा आणि २०१६ ची लॉक स्क्रीनवरील जाहिरात ही या स्थलांतराची ठळक उदाहरणे आहेत. रोज नवे चित्र मिळणे ही सोय खरी आहे. तिच्या बदल्यात आपण कोणता निर्णय सोडून देतो, हे ओळखता येणे हा या घटकाचा हेतू आहे.

स्वाध्याय

१. पहिल्या मॅकिंटॉशमध्ये पूर्ण चित्राऐवजी ८ × ८ ची नक्षी का वापरली गेली? गणित मांडून स्पष्ट करा.
२. साठा, घड्याळ आणि आदेश या तीन निकषांवर एक्सव्ही व क्रॉन, वेबशॉट्स आणि स्पॉटलाइट यांची तुलना करा.
३. ‘विंडोज ७ स्टार्टरमधील मर्यादा तांत्रिक नव्हती.’ या विधानाची चर्चा करा.
४. दुकानाचे कॅलेंडर आणि सर्व्हरवरून येणारे वॉलपेपर यांतील साम्य व भेद सांगा.
५. प्रकल्प : आपल्या परिसरात २००५ पूर्वी घरी संगणक असलेल्या तीन व्यक्तींच्या मुलाखती घ्या. पडद्यावर कोणते चित्र होते, ते कोठून आणले आणि कोण बदलत असे, याची नोंद करून दोन पानांचा अहवाल लिहा. मुलाखत देणाऱ्यांची नावे त्यांच्या संमतीशिवाय लिहू नका.